तेल कोठून गळतें?

नीतिशास्त्रावरील ग्रंथांत दृष्टान्तांसाठीं बहुधा राजे, व्यापारी, न्यायाधीश आणि जहाजांचे मालक यांची योजना केलेली असते. मोटारीच्या पोटाखालीं उताणा निजून, हातांत पाना घेऊन, तेलानें माखलेल्या लोखंडाकडे निरखून पाहणारा मनुष्य त्या ग्रंथांत क्वचितच भेटतो. वस्तुतः दोष दिसतो कोठें आणि असतो कोठें, तो नाहींसा होईपर्यंत त्याच्याशीं कसें वागावें, आणि तो झांकून ठेवण्याचा हक्क कोणास आहे, हे प्रश्न त्या मनुष्यापुढें जितक्या उघड रूपानें उभे राहतात तितके ते अभ्यासिकेंत बसलेल्या तत्त्वचिंतकापुढेंही राहत नसतील. म्हणून डोंगरवाटांनीं व नदीनाल्यांतून चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या आंसांतून होणारी तेलाची गळती हा विषय प्रस्तुत लेखासाठीं मुद्दाम निवडला आहे. प्रारंभींचा भाग थोडा रुक्ष वाटेल. परंतु यंत्राची रचना ध्यानांत आल्यावांचून पुढील विचार नीट समजणार नाहीं, सबब वाचकांनीं थोडा धीर धरावा.

साध्या मालमोटारीचीं पुढचीं चाकें गाडीला केवळ दिशा देतात. जोर सारा मागच्या चाकांचा असतो. चिखल, वाळू किंवा नदीचें पात्र ओलांडावयाचें तर हा एकांगी जोर पुरत नाहीं. पुढच्या चाकांनाही जोर द्यावा लागतो. म्हणजे त्यांनीं एकाच वेळीं दोन कामें करावयाचीं: फिरावयाचें आणि वळावयाचें. १९४१ पासून युद्धांत वावरलेली जीप, १९४८ सालीं इंग्लंडांत निघालेली लँड रोव्हर, जपानची लँड क्रूझर आणि १९८५ पासून आपल्याकडे दिसूं लागलेली मारुती जिप्सी, या सर्वांच्या जुन्या घडणींत ही अडचण जवळजवळ एकाच युक्तीनें सोडविलेली आढळते. मध्यभागीं दंतचक्रांची एक पेटी. तिच्या दोन्ही बाजूंस पोलादी नळ्या. नळ्यांच्या आंतून चाकांकडे जाणारे दांडे. आणि प्रत्येक नळीच्या टोकाशीं एक पोकळ पोलादी गोळा, त्याच्या भोंवतीं चाकाचें कवच डावीउजवीकडे वळतें. दांड्याचा सांधा या गोळ्याच्या पोटांत असतो. मधल्या पेटींत गिअर ऑइल असतें, तर गोळ्यांत बहुधा घट्ट ग्रीस. या दोन राज्यांच्या सीमेवर, नळीच्या टोकाशीं आंतल्या बाजूस, रबराचें एक कडें बसविलेलें असतें; त्यास कारागीर ऑइल सील म्हणतात. गोळ्याच्या बाहेरील बाजूसही असेंच एक मोठें सील असतें. आंतलें स्निग्ध द्रव्य बाहेर जाऊं नये व बाहेरचा चिखल आंत येऊं नये, एवढेंच त्याचें काम.

सील ही वस्तु दिसावयास अगदीं क्षुद्र आहे. रबराची ओठासारखी पातळ कड, आणि ती दांड्यावर हलकेच दाबून धरणारी तारेची बारीक स्प्रिंग, एवढाच तिचा संसार. हीं कडीं मोठ्या प्रमाणावर बनविणारी जर्मनींतील फ्रॉयडेनबर्ग ही पेढी मूळची कातडीं कमावणारी होती. पहिलीं सिलें चामड्याचीं असत, कृत्रिम रबर मागाहून आलें. गाडीच्या एकंदर किंमतीच्या मानानें सिलाची किंमत नगण्य असते. या स्वस्ताईचा पुढील विवेचनाशीं निकट संबंध आहे.

आतां गळती कशी होते तें पाहूं. सकाळीं गाडी जागेवरून हलविली कीं जमिनीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग दिसतो. चाकाच्या आंतल्या बाजूस वांकून पाहावें तों गोळा तेलानें माखलेला, आणि त्यावर धुळीचें काळें लिंपण बसलेलें. पाहणाराचा पहिला निष्कर्ष असा कीं गोळ्यावरचें सील गेलें. तें बदललें जातें. पंधरा दिवस गोळा कोरडा राहतो. सोळाव्या दिवशीं डाग पुन्हां हजर.

याचें कारण असें कीं पुष्कळ वेळां तें तेल मुळीं गोळ्यांतलें नसतेंच. आंतलें सील झिजलेलें असतें. मधल्या पेटींतील तेल नळीवाटे गोळ्यांत उतरतें. तेथील ग्रीसमध्यें मिसळून त्याचें काळें कढण बनवितें. आणि घट्ट ग्रीस अडविण्यासाठीं घडविलेल्या बाहेरच्या सिलाला हें पातळ कढण आवरत नाहीं. थेंब जेथें पडतो तेथून दोष कांहीं बोटें आंत, डोळ्यांआड असतो.

बरें, आंतलें सील बदललें तरी काम संपलें असें नाहीं. मधल्या पेटीला श्वास घेण्यासाठीं एक लहानसें छिद्र ठेवलेलें असतें. त्यास ब्रीदर म्हणतात. गाडी चालूं लागली कीं तेल तापतें, आंतली हवा फुगते आणि त्या छिद्रानें बाहेर पडते. तें छिद्र चिखलानें बुजलें कीं फुगलेल्या हवेला वाट उरत नाहीं, आणि ती तेलाला सिलांच्या ओठांतून बाहेर रेटते. उलट, तापलेली गाडी थंड पाण्यांत उतरली कीं हवा एकदम आकसते व त्याच ओठांतून पाणी आंत ओढलें जातें. मग तेल ताकासारखें पांढुरकें होतें. याशिवाय आणखीही कारणें आहेत. बेअरिंग सैल झालें असेल तर दांडा डळमळतो व सिलाचा ओठ त्याच्याबरोबर हेलकावे खातो. धुळीच्या कणांनीं दांड्यावर बारीक चर पडला असेल तर नवें सीलही त्या चरांत तेल अडवूं शकत नाहीं. कधीं फाजील ओझ्यामुळें किंवा खड्ड्यांत आदळल्यामुळें नळीच केंसभर वांकलेली असते. कधीं तर दोष केवळ औदार्याचा असतो: भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत तेल असावें असा नियम, कोणी जादा सावधगिरीनें त्याहून अधिक भरतो, आणि अधिक झालेलें आपली वाट काढतें.

या शेवटच्या सर्व प्रकारांत सील स्वतः निर्दोष असतें. तरीही प्रत्येक वेळीं बदललें जातें तें सीलच. कोंकणांत आंब्याची बाग असलेल्या एका परिचित गृहस्थांच्या गाडीचें एका वर्षांत तीन वेळां सील बदललें गेलें. पहिला कारागीर म्हणाला, आधींचें सील नकली होतें. दुसरा म्हणाला, पहिल्यानें तें तिरकें बसविलें. तिसऱ्यानें निर्णय दिला कीं या जातीच्या गाड्यांचा हा स्वभावच आहे. चौथ्या खेपेस एक वृद्ध मिस्त्री आला. त्यानें प्रथम सारा आंस रॉकेलनें धुवून स्वच्छ केला, आणि मग गाडीच्या ड्रायव्हरला विचारलें, "काय रे बाबा, तेल जास्त केव्हां येतें?" ड्रायव्हर म्हणाला, "घाट चढून आलों कीं, चाचा. सपाटीला इतकें नाहीं येत." मिस्त्रीनें ब्रीदर उघडला, त्यांत चिखल वाळून दगडासारखा झाला होता. चौथें सील बसविण्याचें कारणच पडलें नाहीं. या कथेंत मला विशेष वाटतें तें मिस्त्रीच्या कौशल्याचें नव्हे. घाट चढल्यावर गळती वाढते हें ज्ञान ड्रायव्हरपाशीं वर्षभर होतें. तो नोकर होता, आणि त्याला कोणी विचारलें नव्हतें.

येथून आपण नीतिविचाराच्या प्रांतांत येतों. सील गळतें तेव्हां तें वस्तुतः साक्ष देत असतें: आंत दाब वाढला आहे, आंत कांहीं सैल झालें आहे, आंत कांहीं वांकलें आहे. आपण त्या साक्षीदारालाच दोषी ठरवून बडतर्फ करतों व त्याच्या जागीं नवा आणून बसवितों. तो नवा आहे तोंवर गप्प राहतो. असें आपण कां करतों? एक तर दोष दिसतो तेथेंच असला पाहिजे ही मनाची सोयीस्कर समजूत. दुसरें कारण असें कीं जें स्वस्त आहे व सहज बदलतां येतें त्याच्यावर दोष ठेवणें परवडतें. नळी वांकली असें म्हटलें तर खर्च मोठा, आणि ती ओझ्यानें वांकली असें म्हटलें तर दोष मालकाकडे येतो.

घरांत व कचेरींत आपण याहून वेगळें वागतों काय? एकत्र कुटुंबांत कुरबूर बहुधा धाकट्या सुनेच्या तोंडून बाहेर पडते. म्हणून धाकटी सून भांडखोर ठरते. घरांत मोकळेपणानें बोलण्याचें एकुलतें एक छिद्र कित्येक वर्षांपूर्वीं बुजलें आहे, हें कोणी तपासून पाहत नाहीं. एखाद्या कचेरींत एकाच खुर्चीवर दोन वर्षांत चार कारकून येतात व चौघेही नालायक ठरतात. चौथ्याच्या वेळीं तरी वरिष्ठांनीं खुर्चीच्या वरच्या बाजूस पाहावयास हवें. पण वर पाहणें हें खालीं पाहण्यापेक्षां नेहमींच कठीण असतें. आयुर्वेदानें निदानपरिवर्जन, म्हणजे रोगाचें मूळ कारण टाळणें, ही चिकित्सेची पहिली पायरी मानिली आहे. शरीराच्या बाबतींत हें तत्त्व आपल्याला मान्य असतें. माणसांच्या बाबतींत मात्र आपण सील बदलूनच समाधान मानतों.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. मूळ कारणाचा शोध हीही एक पळवाट होऊं शकते. बाणानें विद्ध झालेला मनुष्य, बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, धनुष्य कशाचें, हें कळेपर्यंत बाण काढूं देणार नाहीं असें म्हणाला तर तो मरेल, हा दृष्टान्त बुद्धानें मालुंक्यपुत्ताला दिल्याचें प्रसिद्ध आहे. गळतीचें अंतिम कारण कळेपर्यंत तेलाची पातळी पाहण्याचें ज्याला सुचत नाहीं, त्याच्या गाडीचीं दंतचक्रें कोरडीं पडून कुरतडलीं जातील, आणि मग शोध करावयास कांहीं उरणार नाहीं. तेव्हां शोध चालू असतांना दर आठवड्यास पातळी पाहणें, उणें झालेलें भरणें, चाकाच्या आंतल्या बाजूस हात फिरवून पाहणें, हीं लहान कर्तव्यें मोठ्या कर्तव्याच्या आशेवर सोडतां येत नाहींत.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे. प्रत्येक गळती हा दोष असतो काय? जाणते लोक सांगतात कीं ठणठणीत कोरडें सील हें निरोगी सील नव्हे. ओठ व दांडा यांच्यामध्यें तेलाचा अतिसूक्ष्म थर असावाच लागतो. तो नसेल तर घर्षणानें ओठ जळून जाईल. पोलादी गोळ्यावरही स्निग्धतेचा हलका हात हवा. तो कोरडा पडला कीं गंजतो, खरखरीत होतो, आणि मग स्वतःच सिलाला कापतो. म्हणजे अगदीं निर्लेप आंस हा आदर्श नव्हे. ओल व गळती यांत भेद केला पाहिजे. मानवी संस्थांचेंही असेंच आहे. ज्या घरांत कधींच कुरबूर ऐकूं येत नाहीं तें सुखी असेलच असें नाहीं. कदाचित् तेथील ओठ जळून गेले असतील.

परंतु हा भेद करावयाचा कोणीं? ओल कोणती व गळती कोणती हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं असतो, दुरुस्तीचा खर्चही बहुधा त्यालाच करावयाचा असतो. आणि मग आपल्या गळतीला ओल म्हणण्याचा मोह अनावर होतो. म्हणून मनाच्या साक्षीपेक्षां बाहेरची कसोटी बरी. थेंब खालीं पडतो काय? पातळी महिन्याच्या महिन्यास उतरते काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे तें तेल जातें कोठें? जमिनीवर पडत असेल तर तें मालकाचें नुकसान व भूमीची घाण. पण तेंच तेल गोळ्यांतून बाहेरच्या अंगास, चाकाच्या हबमध्यें शिरलें, तर तेथून ब्रेकच्या पट्ट्यांवर पोंचतें. तेल प्यालेली ब्रेकची पट्टी उतारावर दगा देते. एका बाजूचें चाक धरतें, दुसरें धरत नाहीं, आणि गाडी एकीकडे ओढली जाते. मालकाचा पैसा गळत होता तोंवर प्रश्न काटकसरीचा होता. आतां ड्रायव्हर आणि मागें बसून कामावर निघालेले मजूर यांच्या जिवाचा प्रश्न आला. गळती तीच, तिचें मापही कदाचित् तेंच; परंतु ती ज्याला भोगावी लागणार तो मनुष्य बदलला, आणि त्याबरोबर प्रश्नाची जातच बदलली.

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनें, अनेकदां डागडुजी केलेलें. मालकाच्या मनांत शंका येते. पण एवढ्या सफरी सुखरूप झाल्या, हीही होईल, असें तो स्वतःस पटवितो व प्रवाशांसह जहाज समुद्रांत लोटतो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं त्याची ती खात्री प्रामाणिक असली तरी तो दोषी आहे, कारण ती खात्री त्यानें तपास करून मिळविली नसून शंका दाबून मिळविली. आणि जहाज बुडालें नसतें तरीही तो तितकाच दोषी ठरता. यांतील शेवटचें वाक्य गळक्या गाड्यांच्या सर्व मालकांनीं मनन करण्यासारखें आहे. "इतके दिवस कांहीं झालें नाहीं" हा पुरावा नव्हे. ती केवळ अद्याप न आलेल्या दिवसाची तारीख न कळणें होय.

या शतकांतील नव्हे, पण मागच्या शतकाच्या उत्तरार्धांतील एक प्रसंग याचा भयंकर पुरावा देतो. अमेरिकेचें चॅलेंजर हें अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें व त्यांतील सातही जण मृत्यु पावले. कारण निघालें तें एक रबरी कडें: बाजूच्या अग्निबाणाच्या जोडांतील सील त्या दिवशींच्या थंडीनें ताठरलें व तप्त वायूंना अडवूं शकलें नाहीं. हीं कडीं वायूंनीं खाल्लीं जातात हें १९८१ सालच्या दुसऱ्याच उड्डाणापासून दिसत आलें होतें. आदल्या रात्रीं कांहीं अभियंत्यांनीं थंडींत उड्डाण करूं नये असें सांगितलेंही होतें. पण प्रत्येक खेपेस यान सुखरूप परत आल्यामुळें जें प्रथम धोक्याचें वाटलें तें हळूहळू नेहमींचें वाटूं लागलें. डायेन व्हॉन या समाजशास्त्रज्ञ विदुषींनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे कीं येथें कोणीं दुष्ट बुद्धीनें नियम मोडला असें नसून, नियमाबाहेरची गोष्टच वारंवार स्वीकारली जाऊन नियम बनून गेली. सामान्य घरांत व कचेरींतही अनर्थ बहुधा याच वाटेनें येतात. दुष्टपणानें येणारे त्या मानानें थोडे.

राहिला प्रश्न दोष झांकण्याचा. गळकी गाडी विकावयास काढली म्हणजे पुष्कळ मालक काय करतात तें सर्वांस ठाऊक आहे. गिऱ्हाईक येण्याच्या दिवशीं सकाळीं आंस धुवून पुसून लख्ख केला जातो. कोणी रबर फुगविणारें द्रव्य तेलांत घालतो, त्यानें कांहीं दिवस थेंब थांबतो. मालक खोटें एक अक्षर बोलत नाहीं. तो फक्त विचारल्याशिवाय सांगत नाहीं. हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ सालीं लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथांत सिसेरोनें दोषयुक्त घर विकणाऱ्या मनुष्याविषयीं डायोजिनीस व अँटिपाटर या दोन स्टोइक पंडितांचा वाद दिला आहे. डायोजिनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. विकणारानें घेण्याची सक्ती केलेली नाहीं. अँटिपाटर म्हणतो, हें वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्यासारखेंच आहे. सिसेरो अँटिपाटरच्या बाजूनें निकाल देतो. जें जाणून घेणें दुसऱ्याच्या हिताचें आहे तें आपल्या लाभासाठीं त्याला कळूं न देणें, हेंच लपविणें, असा त्याच्या म्हणण्याचा अभिप्राय आहे. दोन हजार वर्षें लोटलीं तरी त्या निकालांत बदल करण्याचें कारण दिसत नाहीं. आंस धुणें हें तर मौनाच्याही पुढें जातें. वृद्ध मिस्त्रीनेंही आंस धुतलाच होता, पण त्यानें तो दोष दिसावा म्हणून धुतला, आणि विकणारा तो दिसूं नये म्हणून धुतो. कृति एकच, नीति व अनीति यांतील अंतर हेतूंत आहे.

तात्पर्य, चिवट दोष सोसावा लागणें हा अपराध नाहीं. सर्व गळत्या थांबत नाहींत. जुन्या यंत्रांत, जुन्या घरांत आणि जुन्या माणसांत कांहीं तरी पाझरत राहणारच. परंतु सोसणें नीतीला धरून व्हावयाचें तर तो दोष आपल्याला माहीत असला पाहिजे, त्याचें माप आपण घेत राहिलें पाहिजे, आणि त्याचा धोका जो भोगणार त्याला तो ठाऊक असला पाहिजे. जो गृहस्थ गाडी विकतांना म्हणतो, "ही पुढच्या डाव्या अंगास गळते, दोन वेळां सील बदललें, ब्रीदर साफ केला, कारण अद्याप सांपडलें नाहीं, पातळी दर आठवड्यास पाहा व ब्रेकवर नजर ठेवा," त्याला शेपन्नास रुपये कमी मिळोत कीं हजारांनीं कमी मिळोत, त्यानें गाडीबरोबर आणखी एक वस्तु दिली: दोष शोधण्याचें अर्धें काम. घेणाराला उरलेलें अर्धें काम तेवढेंच करावें लागेल. आणि घाटाच्या उतारावर कोण बसलेलें असेल याची चिंता देणाराच्या मनांतून कायमची उतरेल.